अक्का, तुझा चांगला आठवडा

तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात हे मला माहीत होतं, अक्का, पण पाहिलं पहिल्यांदाच. कागलला तुझ्या भाच्याच्या दारात तुला बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, आणि मान कलू नये म्हणून मागून कापडाचा आधार. बायका रडत होत्या. मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात आपोआप खूण पडली: बसणं, दोघांची मदत. मग माझी मलाच अशी शिसारी आली की मी मांडवाबाहेर जाऊन उभी राहिले. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला, तो हातात धरून मी तशीच उभी होते.

त्याला अकरा दिवस झाले. माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा करते आणि गार करून टाकते. कामावर गेले की तीन नंबरच्या वॉर्डात जाते, तुझी खाट बघते, परत येते, पाच मिनिटांनी पुन्हा जाते. लोक म्हणतात, सिस्टर, दोन दिवस रजा काढा. रजा काढून घरी बसले तर घरी तरी दुसरं काय आहे? निदान इथे कुणी ना कुणी हाक मारतं.

मला तुला एका सोमवारचं सांगायचं आहे. येते त्यावर. तू म्हणायचीस, सुनंदा मुद्द्यावर यायच्या आधी रंकाळ्याला एक फेरी मारून येती. मारू दे आज.

परवा शेजारणीला आपल्या कामाची भानगड समजावून सांगत होते, आणि सांगता सांगता मलाच ती विचित्र वाटायला लागली. म्हटलं, मंगळवार पेठेतल्या आमच्या केंद्रात ज्या म्हाताऱ्या माणसांना कुणी नाही, त्यांचा खर्च एक संस्था देते. पण डोकी मोजून देत नाही, श्रेणी बघून देते. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची पाहणी होते. मी एक तारीख धरते आणि तिथून मागचे सात दिवस मोजते. त्या सात दिवसांत जेवायला, उठायला, अंघोळीला, संडासला किती वेळा कुणाचा हात लागला ते वहीत बघायचं. मदत जास्त तर श्रेणी वरची, आणि श्रेणी वरची तर वॉर्डात मावश्या जास्त. पाहणी आली, किंवा नवं माणूस आलं, की तिथून पंधरा दिवसांच्या आत कुठलीही तारीख धरायची मला मुभा असते. एकदा शाईनं लिहिली की बदलत नाही. शेजारीण म्हणाली, म्हणजे माणूस जितकं वाईट तितकं बरं? म्हटलं, हो, तसंच. मग तिनं विचारलं, तारीख कोण धरतं? मी धरते म्हटल्यावर ती भाजी निवडायला लागली.

तुझं आणि माझं पहिलं भांडण त्या वहीवरूनच झालं. मी नवीन होते, नर्सिंगचं शिक्षण आणि वर पाहणीचं प्रशिक्षण घेऊन आलेली, नाकावर माशी बसू न देणारी. तू तेव्हाच दहा-बारा वर्षांची जुनी मावशी. महिन्याच्या शेवटी वही उघडली तर तुझ्या पाळीतल्या सगळ्या चौकोनांत एकच खूण. स्वतः. स्वतः. स्वतः. दत्तोबासुद्धा स्वतः. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डरचं काम करून हातापायांच्या काड्या झालेला दत्तोबा, ज्याला तू रोज मांडीशी बसवून भरवायचीस. मी वही घेऊन तुझ्याकडे आले. म्हटलं, अक्का, हा स्वतः जेवतो? तू डोळ्याची पापणीसुद्धा न लववता म्हणालीस, "जेवला की त्यो. घास त्येच्याच तोंडात गेला न्हवं?"

मला हसूही आलं आणि संतापही. मी तुला समजावलं की तू भरवलंस ते लिहायला हवं, नाहीतर कागदावर तो धडधाकट दिसतो. तू बादली खाली ठेवलीस. म्हणालीस, "आईबापाला न्हाऊ घातलं म्हणून कुणी वहीत मांडतं व्हय? केल्यालं बोलून दाखवलं की त्येची चव जाती. आन् त्येला बी कळतंय की, आपलं मांडून ठेवल्यात म्हणून."

त्या तिमाहीत अख्खा वॉर्ड खालच्या श्रेणीत गेला. वरून पत्र आलं, या वॉर्डाला एवढ्या मावश्यांची गरज दिसत नाही. एक जागा गेली. सकाळच्या पाळीला तू एकटी उरलीस. तीन महिने एकटीनं अकरा जणांच्या अंघोळी केल्यास आणि एका शब्दानं कुरकुरली नाहीस, आणि मी मात्र रोज तुझ्यावर चिडत होते. इतका शहाणपणा आणि इतका आडमुठेपणा एकाच माणसात कसा राहतो, मला कळत नव्हतं. अजून कळत नाही.

तोडगा तूच काढलास. लिहायचं नाही, पण सांगायला काय हरकत आहे. दुपारी दोन वाजता पाळी संपली की आपण स्वयंपाकघराच्या पायरीवर चहा घ्यायचो. तू गावगप्पा सांगितल्यासारखी सांगायचीस. आज दत्तोबानं खरडा मागितला, मी न्हाय म्हटलं तर तोंड मिटून बसला, मग चार घास भरवलं. पाटलीणबाईला उठवताना तिनं माझा पदरच धरला, सोडंना. तू सांगत जायचीस आणि मी मांडीवर वही ठेवून खुणा करत जायचे. तुझ्यासाठी त्या गप्पा होत्या, माझ्यासाठी श्रेणी. सगळ्या मावश्यांना मग तीच सवय लागली. तोंडानं सांगायचं, आणि सुनंदा सिस्टर लिहील. आपण दोघींनी मिळून ती पाडली, अक्का, हे मला आता रोज आठवतं.

तू मला काय काय दिलंस याची यादी केली तर तुला आवडणार नाही, म्हणून एकच सांगते. माणसाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं, हे मला कुठल्या शिक्षणात कुणी ठसवलं नव्हतं. उठवते हं आता. पाणी घालते हं. ज्याला ऐकू येत नाही त्यालासुद्धा तू सांगायचीस. मी एकदा म्हटलं, तिला कळत नाही गं. तू म्हणालीस, मला कळतंय की.

पण आपलं खरं भांडण दत्तोबाच्या तापाचं, आणि ते अर्धंच राहिलं.

त्याची पाहणी जवळ आली होती. त्याला नुकताच खोकला आणि कणकण सुरू झाली होती. मी हातातलं पेन खाली ठेवलं. तारीख न धरता आठवडाभर थांबले. ताप चढला, तो आडवा पडला, भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं दोघींनी करायला लागलं. तो आठवडा भरला त्या दिवशी मी तारीख धरली. दत्तोबा दुसऱ्या श्रेणीतून थेट चौथीत गेला आणि वॉर्डाला एक मावशी मिळाली. तीच रेखा. शिरोलीची, दोन पोरांची आई, नवऱ्याचं काम सुटलेलं. पहिल्या दिवशी ती तुझ्या पाया पडली आणि माझ्याही.

मला वाटलं तू खूश होशील. तू मला औषधांच्या खोलीत गाठलंस. म्हणालीस, "तू माणसाच्या वाईट आठवड्याची वाट बघतीस, सुनंदा. कावळ्यागत."

मी म्हटलं, वाईट आठवडा मी आणत नाही, तो येतोच. मी फक्त तो धरते. त्यातून एका बाईला नोकरी लागली आणि तुझ्या कमरेचा भार हलका झाला, हे तुला दिसत नाही का? तू म्हणालीस, दिसतंय की, म्हणून तर वाईट वाटतंय. चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पायरीवर चहा घ्यायचीस, दिवसभराचं सगळं रेखाला सांगायचीस, मला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मी खुणा करायचे. पाचव्या दिवशी तू शेंगदाण्याची चटणी डब्यातून आणून माझ्यापुढे सरकवलीस आणि विषय संपला. संपला नव्हता. मी त्याचं उत्तर तेव्हापासून मनात घोळवते आहे. दत्तोबा त्या तापातून उठला, अजून आहे, काल त्यानं मला विचारलं, भरवणारी कुठाय? मी दुसऱ्या खाटेकडे गेले.

मग तुलाच झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून सुटल्यावर भाचा बसवराज, तुझा बसू, तुला कागलला न्यायला तयार होता. तू हट्टानं इथे आलीस, म्हणालीस, तिथं सगळी कामावर जाणार, मी भिंतीशी बोलू व्हय? ज्या खाटा तू धुतल्यास त्यातल्याच एकीवर तुला घेतलं. पहिला आठवडा तुझ्या तोंडातून पाणीसुद्धा गळायचं. रेखा पुसायची आणि तू तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघायचीस.

सातव्या दिवशी मी तुझी वही घेऊन बसले. सात दिवस भरलेले, सगळ्या चौकोनांत पूर्ण मदत. तारीख आजची धरली असती तर चौथी श्रेणी नक्की होती. तीन महिने तुझ्यासाठी एक बाई खाटेशेजारी बसली असती. तू उजव्या हातानं माझं मनगट धरलंस. शब्द अजून अडखळत होते, पण मला नीट कळले. "आज नगो. चौदाव्या दिवशी धर. माझा चांगला आठवडा धर."

मी थांबले. नियमात बसत होतं, म्हणून थांबले असं मी संस्थेला सांगितलं. खरं सांगू का? तुझ्या त्या कावळ्याला उत्तर द्यायचं होतं मला. बघ, मी चांगल्या आठवड्याचीही वाट बघू शकते.

आणि काय आठवडा काढलास! पाय घासत वॉकर धरून नळापर्यंत. एका हातानं पदर. मावशी यायच्या आधी उठून तोंड धुऊन बसायचीस, म्हणजे मदतीचा प्रश्नच नको. रेखा माझ्याकडे तक्रार घेऊन आली की अक्का हात लावू देत नाही. मी हसले. चौदाव्या दिवशी तारीख धरली आणि तुझी दुसरी श्रेणी आली. वेगळी बाई नाही, रेखाच्या नऊ माणसांत तू नववी. मी तुला येऊन सांगितलं तर शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हसलीस, वाकड्या तोंडानं. मला फार बरं वाटलं, अक्का. इतकं बरं मला त्या वहीनं कधी वाटू दिलं नव्हतं.

आता सोमवार.

त्याच्या आधीचे पाच आठवडे ठीक गेले होते. सोमवारी दुपारी रेखा माझ्या टेबलाशी आली. तिमाहीच्या पाहण्या होत्या, माझ्यासमोर वह्यांची चळत. ती म्हणाली, अक्काचा पाय पुन्हा ओढतोय, नळाकडे जाताना दोनदा भिंत धरली, आणि काल वेणी घालून मागितली. हात लावू न देणारी तू वेणी घालून मागितलीस, हे ऐकूनच मी उठायला हवं होतं. मी सकाळच्या फेरीतलं तुझं रक्तदाब लिहिलेलं पान उलटून बघितलं. आकडे बरे होते. मग मी मनातल्या मनात दिवस मोजले. मधेच नवी पाहणी मागायची असेल तर बदल टिकलेला दिसावा लागतो. एका दिवसाच्या भिंत धरण्यावर कुणी श्रेणी देत नाही. आठवडाभर मदतीच्या खुणा जमल्या तर शनिवारी तारीख धरता येईल, आणि तुझ्यासाठी बाई मिळेल, तुझं चांगलंच होईल.

रेखानं विचारलं, "तवर कुणाला बसवू का तिच्यापाशी?"

मी म्हटलं, "तू एकटी आहेस. बाकीच्या आठ जणांना कोण बघणार? शनिवारपर्यंत निभावून ने."

एवढंच. आवाजही चढवला नाही. ती गेली आणि मी पुढची वही उघडली. डॉक्टरांना फोन केला नाही. तुझ्या खाटेकडेही फिरकले नाही. मंगळवार, बुधवार पायरीवर चहालाही गेले नाही, म्हणून त्या दिवसांच्या खुणाही कुठे नाहीत. गुरुवारी सकाळी रेखा पाटलीणबाईला अंघोळ घालत होती तेव्हा तू एकटी उठलीस आणि मोरीत पडलीस. डोकं कट्ट्यावर. दुपारी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आधी दुसरा झटका आला असेल आणि मग पडल्या असतील, शेजारी माणूस असतं तरी काय सांगावं. सगळे मला तेच सांगतात. काय सांगावं. मी मान हलवते. तू मोरीत किती वेळ पडून होतीस हे कुणालाच माहीत नाही, आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

कुणी पडलं की एक कागद भरायचा असतो. त्यात प्रश्न आहे: पडण्याआधी काही बदल कुणाच्या लक्षात आला होता का? तो रेखानं भरला. तिनं "नाही" लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी सही केली. कागलला मांडवात बसवराजनं रेखाला विचारलं तेव्हाही ती म्हणाली, ठणठणीत होत्या ओ अक्का, काल तर हसत होत्या. मी चार पावलांवर होते, तांब्या हातात धरून.

काल सकाळी मी तो कागद परत मागवला. "नाही" खोडून "होय" लिहिलं. वार लिहिला. रेखानं मला सांगितलं होतं आणि मी शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं, हेही लिहिलं, आणि खाली पुन्हा सही केली. रेखाला दाखवलं. मला वाटलं तिला सुटल्यासारखं होईल. ती संतापली. "तुमास्नी काढत्याली आता. मग आमच्या तारखा कोन धरनार? दत्तोबाचा ताप बघून मला इथं घेतलंसा, त्ये कोन करनार हितनं फुडं?" तिचं खरंच होतं आणि मला ते ऐकवत नव्हतं. ती एप्रन काढून बाकावर टाकून गेली, आणि अर्ध्या तासानं परत येऊन घालून कामाला लागली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

संध्याकाळी मी बसूला फोन लावला. पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. सोमवारी मला कळलं होतं. मी तुमच्या आत्याजवळ माणूस बसवलं नाही. वाट बघत राहिले. तो शिव्या देईल म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. मागे म्हैस हंबरत होती, कुणीतरी धारेची भांडी वाजवत होतं.

मग तो म्हणाला, "सिस्टर, सोमवारी सांजच्याला आत्यानं मला फोन केलता. पाय जड झालाय म्हणाली. मी म्हटलं, तसाच गाडी काढून येतो, न्हाईतर सिस्टरास्नी तरी सांग. तर म्हणाली, येऊ नगंस, रेखानं सांगितलंय तिला. आता ती कामं आवरून यील माझ्यापाशी. म्हणून मी आलो न्हाय बगा."

मी फोन ठेवला, अक्का. सोमवार, मंगळवार, बुधवार. माझं टेबल तुझ्या खाटेपासून एक व्हरांडा सोडून होतं.